गेरूच्या खालचं नाव

नागपूर
३ डिसेंबर १९६१

अक्का, जय भीम.

तुझं कार्ड मिळालं. कापूस वेचायला तू दिवसभर शेतात आणि बाबा घरी एकटे, हे वाचून बरं वाटलं नाही. पण आज ते राहू दे. आज अशी बातमी आहे की ऐकून तू चूल सोडून उठशील.

आमचं पुराणवस्तू खातं पुढच्या महिन्यात पळसोडीला येतंय. आपल्या पळसोडीला! पाटलांच्या देवाच्या मठीच्या ओसरीवर जी चित्रं आहेत ना, वरात, हत्ती, शिकारीचे घोडे, त्यांचे फोटो घ्यायचे ठरलेत. आमचे वामनराव साहेब येतील, आणि त्यांचा डार्करूममधला माणूस म्हणून मी. साधे फोटो नव्हेत. भिंतीला नख न लावता तिच्या पोटात काय आहे ते दाखवणारे फोटो. आधी लोक चाकूनं खरवडून बघायचे, आता कॅमेरा बघतो.

मायनं सांगितलेली गोष्ट मी विसरलो नाही. बाबांचा आजा उकंडा त्या भिंतीचा चुना घोटायला होता. नागपूरचा चितारी पटकीनं अर्ध्यात मेला, आणि उरलेली भिंत उकंडानं रंगवली. खाली आपलं नाव घातलं. देव बसले त्या दिवशी त्याला मठीतून बाहेर काढलं, तो पुन्हा आत गेला नाही. पुढं पाटलांनी ते नाव बुजवलं, आणि आता सांगतात, सगळं नागपूरच्या चिताऱ्याचं काम.

अक्का, खात्याचं पुस्तक निघणार आहे. त्यात चित्रकाराचं नाव छापतील. ते नाव आपलं असेल! बाबांना विचार, नाव भिंतीत नेमकं कुठं होतं. लवकर कळव.

तुझा,
बळीराम

*

पळसोडी, पोस्ट घाटंजी
१४ डिसेंबर १९६१

चि. बळीराम, जय भीम.

चूल सोडून उठली नाई मी. भाकर जळली असती.

बाबाले इचारलं. पह्यल्यांदा ऐकूच आलं नाई असं केलं. मंग मी जोरानं इचारलं तं म्हने, "ते देवाचं घर हाय. आपन नागपुरात देव सोडून आलो. आता त्याच्या भितीवर आपलं नाव कायले पायजे?" मी म्हटलं, नाव देवाचं नाई, तुह्या आज्याचं हाय. तं उठून गोठ्यात गेला. गोठ्यात एक शेळी हाय, तिच्यासंग बोलत बसला.

तुले खरं सांगतो, मले बी वाटते, राहू दे. पुंडलिकराव पाटलाचं अन् आपलं आता कुठं जरा बरं चाललं हाय. त्याच्याच वावरात मी वेचनीले जातो. तू येशीन, फोटो काढशीन, अन् नागपूरले निंगून जाशीन. इथी आमाले राहा लागते.

पन तुह्या मनात भरलं तं भरलं, हे मले मालूम हाय. एवढं सांगतो, मायनं मले दाखवलं होतं दुरून. ओसरीवर खालची गेरूची पट्टी हाय ना, हत्तीच्या पायाखाली, तथी. हत्तीच्या मागच्या पायापासून कोपऱ्यापर्यंत. बाबाले सांगू नको म्या सांगतलं म्हनून.

कौसल्या

*

पळसोडी
२२ जानेवारी १९६२

बळीराम,

चार दिवस गावात होतास. घरी आलास एकदा, ते बी मागच्या आंगनातून, टोपी डोळ्यावर ओढून. बाबानं तुह्यासाठी तूप आनून ठेवलं होतं, ते तसंच राह्यलं. तू म्हनलास, साहेब म्हनते गावच्या भांडनात पडू नका, या गावचा मानूस हाय असं कळलं तं फोटोवर कोनी भरोसा ठेवनार नाई. बरं. म्या मोहल्ल्यात सगळ्याइले सांगतलं, ओळख दाखवू नका. कोनी दाखवली नाई. दहा वर्साचा बोर्डिंगात गेलतास, पुंडलिकरावानंबी ओळखलं नाई. "तुमचा हा चष्मेवाला मोठा हुशार हाय" म्हने साहेबाले.

ओसरीले काळी ताडपत्री बांधून भर दुपारी आत दिवे लावले, हे पाह्याले अर्धं गाव जमलं होतं. बाबाबी आलता. मागं निंबाखाली उभा होता. तुले दिसला काय? त्यानं तुले पाह्यलं. घरी आल्यावर म्हने, "त्याच्या हाती मशीन शोभते." तेवढंच.

काय निंघालं ते लिवजो.

कौसल्या

*

नागपूर
६ फेब्रुवारी १९६२

अक्का,

निघालं!

काल प्लेट धुतली. त्याआधी दोनदा बाहेर येऊन पाणी प्यालो. प्लेटवरून घेतलेला कागद औषधाच्या पाण्यात हलवता हलवता गेरूची ती लाल पट्टी राखेसारखी फिकट झाली, आणि तिच्यात काळी अक्षरं वर आली. पहिलं अक्षर "उ". मी तिथंच मोठ्यानं ओरडलो. "उकंडा", आणि त्याच्या खाली बारीक, "हे काम केले".

कसं झालं ते तुला सांगतो, म्हणजे तू बाबांना सांगशील. आपल्या डोळ्याला जो उजेड दिसतो त्याच्या पलीकडे तांबड्याहून तांबडा एक उजेड असतो. तो डोळ्याला दिसत नाही, पण खास प्लेटला दिसतो. त्या उजेडाला पातळ गेरू म्हणजे काच. तो आरपार जातो. पण काजळ त्याला अडवतं. उकंडानं अक्षरं काजळात लिहिली होती, म्हणून ती काळीच्या काळी आली. वरचा गेरू म्हणजे फक्त पदर आहे अक्का, खाली नाव जसंच्या तसं आहे! शंभर वर्षांत त्याची काना-मात्राही हललेली नाही.

वामनराव साहेबांनी माझ्या पाठीवर थाप मारली. म्हणाले, अहवालात घालू. मी कोण ते अजून सांगितलं नाही. पुस्तक छापून आलं की सांगीन, मग काय बोलतील ते बोलोत.

गावात कोणाला काही सांगू नकोस. भिंतीला कोणी हात लावू नये, एवढंच.

बळीराम

*

नागपूर
११ फेब्रुवारी १९६२

अक्का,

हे पत्र बाबांना वाचून दाखव. एकही शब्द गाळू नकोस.

नावाच्या प्लेटबरोबर आम्ही दुसऱ्या तऱ्हेचे फोटोही घेतले होते. दिवा भिंतीला अगदी चिकटून बाजूला ठेवायचा, म्हणजे उजेड तिरपा पडतो आणि भिंतीवरचा बारीकसा उंचसखलपणाही सावलीनं दिसतो. कुठं पोपडा सुटला, कुठं चीर गेली, ते कळावं म्हणून हे करतात. त्या पट्टीच्या कोपऱ्यात गेरू जाड साचलाय. वर तेलाचा चिकटा आणि धूर बसलाय, डोळ्यांनी काही दिसत नाही. फोटोत मात्र तिथं एक हात उमटलाय. गेरू ओला असताना कोणीतरी उजवा पंजा टेकवलाय. मधलं बोट दुसऱ्या पेरापासून नाही.

घाटंजीच्या कापसाच्या जिनात बोट गमावलेला पळसोडीत एकच माणूस आहे.

म्हणजे उकंडाचं नाव पाटलानं नाही पुसलं. त्याच्या नातवानं पुसलं. आपल्या बाबांनी! आणि आयुष्यभर गप्प बसले. मी लहान असताना मोहल्ल्यातले लोक बाबांना "पाटलाचा माणूस" म्हणून हिणवायचे, मी त्यांच्याशी मारामाऱ्या केल्या. अजून कपाळावर खूण आहे. ते खरं बोलत होते तर! काय मिळालं होतं बाबा तुम्हाला? पाटलानं पाठीवर हात फिरवला? नागपूरला जाऊन देव सोडलेत, पण भीती सोडली नाहीत. "आपलं नाव कायले पायजे" म्हणे. तुम्हाला नकोच असणार, तुम्हीच तर गाडलंत.

माझी मान खाली गेली.

बळीराम

*

पळसोडी
२४ फेब्रुवारी १९६२

बळीराम,

वाचून दाखवलं. एक बी शब्द गाळला नाई. तूनंच सांगतलं होतं.

आता तू वाच.

तुह्या जन्माच्या आधीची गोष्ट. मायनं मरताखेपी मले सांगतली अन् शपथ घातली. त्या साली आपले लोक जागोजागी देवळात जाऊ म्हनत होते. पळसोडीत कोनीतरी बोललं, मठीच्या भितीवर आमच्या मानसाचं नाव हाय, मंग आमाले काहून बंदी? पुंडलिकरावाच्या बापानं बाबाले बोलावलं. महारकीचं काम बाबाकडं होतं. हातात खुरपं देल्लं अन् म्हने, "तुह्या आज्याचं हाय ना, तूच खरवड. चुन्यासकट काढ. नाई तं उद्या तुह्या घरावर छप्पर राहनार नाई." माय पोटुशी होती, माह्या पाठची, तू नाई, मेली ती.

बाबानं खरवडलं नाई. खुरपं भितीले लावलंच नाई. चुन्याचा भुगा बाहेरून आनून खाली सांडला, अन् नावावरून गेरू मारला, पातळ. पाटलाले सांगतलं, खरवडलं, वरून पट्टी मारली. बाबाले अक्षर येत नाई. नाव कुठं संपते ते ध्यानात राहावं म्हनून तथी हात टेकला. ते खूण होती. नाव वाचवलं होतं त्यानं. अन् कोनाले सांगता येत नव्हतं, सांगतलं असतं तं पाटलानं दुसऱ्याच्या हातून खरवडून घेतलं असतं. आपल्या लोकाइनं तोंडावर थुंकलं तरी गप्प राह्यला. तीस वर्सं.

हे म्या तुले आधी काहून नाई सांगतलं? मायची शपथ होती म्हनून. माह्यं चुकलं. हज्जारदा चुकलं.

तुह्यं पत्र बाबानं पुरं ऐकलं. भाकर खाल्ली. फक्त एक इचारलं, "आधीच्या पत्रात त्यानं काय लिवलं होतं, वरचा गेरू पदर हाय, खाली नाव जसंच्या तसं?" म्या म्हटलं, हो. दुसऱ्या दिवशी सकाळीच बालटी, फडकं अन् नारळाची काथी घेऊन मठीवर गेला. मी वावरात होती, मले मालूम नाई. आपन सनासुदीले ओट्याचा गेरू धुतो ना, तसा धुवाले बसला. पोराले नाव उघडं करून दाखवतो, म्हनत होता, तांड्यावरची बिजलीबाई मठीपुढंच होती, तिनं आयकलं.

गेरू सुटला बळीराम. अन् गेरूसंग काजळ सुटलं. उकंडानं काजळ डिंकात घोटलं होतं, डिंक पान्यात किती टिकन? बिजलीबाई म्हने, बालटीतलं पानी पह्यले लाल झालं, मंग काळं झालं. बाबाले वाटलं धूर निंगून राह्यला. आनखी जोरानं घासलं. पार कोरा चुना लागला तेव्हा थांबला. मंग बालटीत हात घालून बसला. बिजलीबाईनं उठवलं तं उठे ना.

पुंडलिकराव आला. सरकारनं फोटो काढलेली भिंत खराब केली म्हनून ठान्यावर कळवलं. दोन शिपाई आले, घाटंजीले घेऊन गेले. तीन दिवस झाले.

तुह्याजवळ फोटो हाय. तू ये. साहेबाले घेऊन ये. भितीवर आपलं नाव होतं, अन् या मानसानं ते बिघडवाले नाई, उघडं कराले धुतलं, एवढं सांग. बाकी काई नको.

कौसल्या

*

नागपूर
२ मार्च १९६२

अक्का,

पत्र वाचून मी दिवसभर डार्करूममध्ये बसून राहिलो. मी काय करून बसलो हे मला कळतंय. बाबांच्या पायावर डोकं ठेवावंसं वाटतं.

पण लगेच येता येत नाही. दिल्लीहून मोठे साहेब आलेत, रजा बंद आहेत. शिवाय नीट विचार करायला हवा. मी आत्ता धावत आलो तर सगळं उघडं पडेल, आणि प्लेटवरच शंका घेतील. प्लेट मी धुतली. नाव माझ्या पणजाचं. भिंतीवर आता काही नाही. कोणीही म्हणेल की नाव यानंच डार्करूममध्ये घातलं. वामनराव साहेबांशी योग्य वेळ बघून बोलतो. ते भले आहेत. तोवर बाबांना सांग, धीर धरा.

बळीराम

*

पळसोडी
१९ मार्च १९६२

बळीराम,

धीर धर म्हनून सांगाले मले ठान्याच्या आत जाऊ देल्लं नाई. नेमसिंग नायकानं जामीन भरला, तांड्यावरचा. आपल्यापैकी कोनी आलं नाई. त्याइले अजून वाटते हा पाटलाचा मानूस.

यवतमाळच्या कोर्टात उभं केलं. कोर्टाच्या साहेबानं इचारलं, तथी नाव होतं याले सबूत काय? बाबा म्हने, "माह्या पोराजवळ फोटो हाय. तो सरकारात हाय, नागपूरले." सगळे हासले. साहेब हासला नाई. त्यानं तुह्यं नाव लिवून घेतलं अन् तुह्या खात्याले चिठ्ठी पाठवली. पुढची तारीख बारा एप्रिल.

आता तुले धाडसानं काई करा लागत नाई. चिठ्ठी येईन, तुले इचारतीन, तू "हो" म्हन. एक अक्षर हाय. बाबा शेजारच्याइले सांगून राह्यला, पोरगा येनार. कोट धुऊन ठेवला.

कौसल्या

*

नागपूर
५ ऑगस्ट १९६२

अक्का,

पाच महिने होत आले, तुझं पत्र नाही. मी मनी ऑर्डर पाठवली ती परत आली. तू रागावलीस, रागावणारच. पण मी लिहितो, कारण दुसऱ्या कोणाला लिहिता येत नाही.

चिठ्ठी आली होती. वामनरावांनी मला खोलीत बोलावलं, दार लावलं. म्हणाले, "हा म्हातारा म्हणतो तू त्याचा मुलगा. असशील तर तू हे खात्यापासून लपवलंस, आपल्या घराण्याचं नाव काढायला सरकारी कॅमेरा वापरलास, आणि बापाला भिंत धुवायला सांगितलंस. मला तुला काढावं लागेल. नसशील तर तसं लिहून दे." अक्का, ते ओरडले नाहीत. ओरडले असते तर मीही ओरडलो असतो. त्यांनी पेन पुढं केलं.

मी लिहून दिलं. "सदर इसमाशी माझे कोणतेही नाते नाही."

एका दमात लिहिलं. वाईट वाटलं ते सही झाल्यावर. बाहेर येऊन चहा प्यालो, तोही सगळा प्यालो. हे तुला सांगितलंच पाहिजे.

पुस्तक छापून आलं. पळसोडीची चित्रं आहेत त्यात, हत्ती फार सुंदर आलाय. खाली लिहिलंय, "चित्रकार अज्ञात. खालील पट्टीवरील मजकूर स्थानिक अडाणी इसमाने नष्ट केला." नावाची प्लेट छापली नाही. भिंतीवर पडताळता येत नाही, तर छापता येत नाही, असं ठरलं. प्लेट आमच्या कपाटात आहे, खोक्यावर नुसता नंबर. किल्ली माझ्याकडेच असते. गेल्या महिन्यात मला कायम केलं.

बाबांना काय शिक्षा झाली ते मला इथं कळलं नाही. विचारायचं कोणत्या तोंडानं? तू कळव. आणि जमलं तर लिही की मी येऊ का. दिवाळीला रजा मिळेल.

बळीराम

*

पळसोडी
२० ऑगस्ट १९६२

बळीराम,

बारा एप्रिलले तुह्या हातचा कागद कोर्टात वाचला. बाबाले सरकारी मराठी समजत नाई. "काय म्हने माह्या पोरानं?" म्हनून मले इचारलं. म्या म्हटलं, बळीरामनं लिवलं, फोटो खरा हाय. शिक्षा एक महिना झाली. बाबाले वाटलं, पोरानं खरं सांगतलं तरी साहेबानं मानलं नाई. शिक्षा भोगून आला तो ताठ मानेनं आला. जेलातबी सगळ्याइले सांगत होता, म्हने.

परवा तुह्यं हे पत्र आलं. पोस्टमननं बाबाच्याच हाती देल्लं. मी वावरातून येतवर त्यानं ते मांडीवर धरून ठेवलं होतं. मोहल्ल्यातले पाच-सात जन जमवले होते, जे आजवर आपल्या ओट्यावर चढले नाई ते. म्हने, "नागपूरचं पत्र हाय, वाच, मोठ्यानं वाच, सगळ्याइले आयकू दे."

म्या वाचलं. पुस्तक छापलं, हत्ती फार सुंदर आला, हे तुह्यं होतं. बाकी माह्यं. हत्तीच्या खाली छापलं हाय, उकंडा, राहनार पळसोडी, यानं हे काम केलं. अन् त्याच्या नातवानं, नागोरावनं, ते तीस वर्सं सांभाळलं. असं वाचलं. म्हातारा रामजी, ज्यानं बाबाच्या तोंडावर थुंकलं होतं, तो उठून बाबाच्या पाया पडला.

बाबानं पत्र परत मागून घेतलं. वाचता येत नाई, पन डब्यात ठेवलं हाय, दीक्षेच्या कागदाजवळ. कोनी आलं का काढून दाखवते. आलेला मानूस अंगठेबहाद्दर असला का माह्या जिवात जीव येते, अन् शिकलेला असला का मी डबा लपवतो.

दिवाळीले येऊ काय म्हनतोस. नको येऊ. तुह्याच्यानं त्याच्यापुढं हे निभनार नाई. त्याले पोरगा हाय, नागपूरले, सरकारात. तेवढा त्याले राहू दे.

कौसल्या